खालची बाजू

मास्तरांनी जमिनीवर पालथं पडून ओझ्याचा पट्टा कपाटाच्या खालून पलीकडे सरकवला, पण हात लगेच बाहेर काढला नाही. बोटांना काहीतरी लागलं होतं. त्यांनी गाल फरशीला टेकवला, एक डोळा मिटला आणि आत पाहिलं. कपाटाच्या तळाला, अगदी कोपऱ्यात, पटाशीने कोरलेलं बांबूचं पान होतं. नखाएवढं.

"मास्तर, डुलकी लागली का?" पलीकडून रेडिओने विचारलं.

"पट्टा ओढ," मास्तर म्हणाले आणि कपडे झटकत उठले. ती खूण त्यांच्या ओळखीची होती.

रेडिओ हा त्यांचा धंद्यातला जोडीदार. गेली एकतीस वर्षं दोघं मिळून लोकांचे संसार एका घरातून दुसऱ्या घरात हलवत होते. टेम्पो मास्तरांचा होता आणि तोंड रेडिओचं, आणि ते बंद कसं करायचं हे त्याच्या बायकोलाही अजून सापडलेलं नव्हतं. मास्तर मोजकं बोलत. त्यांना मास्तर म्हणत ते काही या धंद्यामुळे नव्हे. बाजारामागच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा हॉल होता, तिथे ते सकाळ-संध्याकाळ कुंगफू शिकवत. काळा पोशाख, चाळीस विद्यार्थी आणि रस्त्यापर्यंत ऐकू येणारा आवाज. त्या चाळिसांपैकी एकानेही मास्तरांना ओझं उचलताना पाहिलेलं नव्हतं. टेम्पो ते एक गल्ली अलीकडे लावत, सार्वजनिक नळावर हातपाय धुवत, पोशाख बदलत आणि मगच हॉलचा जिना चढत. हमाली पोटासाठी होती, ती चारचौघांत मिरवायची गोष्ट नव्हती.

घरच्यांनाही त्यांनी कधी कामावर येऊ दिलं नव्हतं. आज मात्र त्यांची मुलगी जुनी ब्लँकेटं घेऊन जिन्याच्या पहिल्या वळणावर उभी होती, कपाटाचे कोपरे भिंतीला घासू नयेत म्हणून. कारण हे तिच्या बाईंचं घर होतं.

मुलीला सगळे बुक्की म्हणत. सहा वर्षांची असताना तिने बापाच्या पोटात अशी काही बुक्की मारली होती की मास्तर पाहुण्यांसमोर मटकन खाली बसले, आणि नंतर आठवडाभर भेटेल त्याला कौतुकाने ती जागा दाखवत फिरले. नाव तिथेच पडलं. पुढची वीस वर्षं बुक्कीने त्यांच्या हाताखाली काढली. घोड्याची बैठक, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून, मांड्या आडव्या ठेवून अर्धा अर्धा तास तसंच राहायचं. मग वाळूच्या पोत्यावर मुठी. मग उडी मारून माणसाच्या डोक्याएवढी उंच लाथ. तिची लाथ पोत्यावर बसली की छताचा हूक करकरायचा, आणि तो आवाज ऐकला की मास्तरांची मान एक बोटभर ताठ व्हायची. आता ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिथल्या वॉर्डबॉयनी तिच्याशी पंजा लढवणं केव्हाच सोडून दिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती म्हणाली की ती आठवड्यातून चार दिवस एका बाईंकडे जाणार आहे. आतलं शिकायला, म्हणजे ताई ची.

कुंगफूत हा भेद जुना आहे. बाहेरचं म्हणजे स्नायू, वेग, मुठींची हाडं कणखर करणं, घाम. आतलं म्हणजे छातीसमोर हात गोल धरून झाडासारखं निश्चल उभं राहायचं, खांदे सोडायचे, श्वास पोटात जाऊ द्यायचा, आणि समोरच्याचा जोर अंगावर आला की त्याला न अडवता आपल्या पायांतून जमिनीत उतरू द्यायचा. निदान तसं सांगतात. मास्तरांनी तसं करणारा माणूस उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. बुक्कीच्या आईने विचारलं की उभं राहायला शिकवणी कशाला, बसस्टॉप आहे की. रेडिओने विचारलं, ही ताईची की आजीची? दोघंही हसले. मास्तर हसले नाहीत.

त्यांना लागलं होतं ते वेगळंच. या बाई मिस्त्रींकडे शिकलेल्या होत्या, आणि मिस्त्री हे मास्तरांचे गुरू.

मिस्त्री चिनी सुतार होते. फर्निचरचा छोटा कारखाना, प्रत्येक वस्तूच्या तळाला खूण म्हणून बांबूचं पान, मागे अंगण, अंगणात संध्याकाळी दहा-बारा पोरं. मास्तर बाराव्या वर्षी तिथे गेले. मिस्त्रींनी त्यांना मुठी दिल्या, लाथा दिल्या, आणि सतराव्या वर्षी एके दिवशी सांगितलं की उद्यापासून अंगणात यायचं नाही, कपाटं पोचवायला जायचं. बाकीची पोरं अंगणातच राहिली. पुढे मास्तरांनी स्वतःचा हॉल काढला, आणि मग कानावर आलं की म्हातारपणी मिस्त्री दोघा-तिघांना काहीतरी वेगळंच, फार हळू चालणारं, शिकवू लागलेत. त्यांतल्या एक या बाई. मिस्त्रींच्या खुर्च्यांची कुशनं शिवायला येणाऱ्या. आपल्याला साल दिली आणि गर दुसऱ्याला, हे शल्य मास्तरांनी कोणापाशी बोलून दाखवलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. आता मुलगीही तो गर शोधायला गेली, म्हणजे बापाकडे होती ती सालच होती, यावर शिक्कामोर्तब झालं.

मास्तरांना साठावं लागलं होतं. उडी मारून लाथ दाखवणं गेल्या वर्षीच बंद झालं होतं. उद्या रविवारी हॉलला तीस वर्षं पूर्ण होत होती, आणि यापुढे हॉल कोण चालवणार हे उद्याच सांगेन असं ते विद्यार्थ्यांना बोलून बसले होते. त्यांच्या मनात एकच नाव होतं. त्यांनी बुक्कीला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिने मान खाली घालून एकच उत्तर दिलं. बाबा, मी त्यांना काय शिकवू तेच मला कळेनासं झालंय. हो नाही आणि नाहीही नाही. म्हणून गेल्या आठवड्यात तिने जेव्हा विचारलं की बाईंना डॉक्टरांनी जिने बंद केलेत, त्या दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर राहायला जातायत, तुम्ही सामान हलवाल का, तेव्हा मास्तरांनी चटकन होकार दिला. बाईंना एकदा बघायचंच होतं. काम झाल्यावर हात पुढे करायचा आणि त्यांच्या आत किती आणि काय आहे ते अजमावायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

बाई दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, गळ्यात शिवणाची टेप तशीच राहिलेली. त्यांनी नमस्कार केला, तोही मास्तरांना जरा कमीच वाटला.

"उचल," मास्तर म्हणाले.

खालची बाजू मास्तरांची. जिन्यात वजन उताराकडे येतं आणि तिनातले दोन हिस्से खालच्याच्या अंगावर पडतात, म्हणून खालची बाजू जाणत्याने घ्यायची, हा मिस्त्रींच्या कारखान्यातला नियम. दुसरा नियम असा की वरच्याने खालच्याला सतत काहीतरी विचारत राहायचं आणि खालच्याने धड उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर कपाट असेल तिथे टेकवायचं. का, ते मिस्त्रींनी कधी सांगितलं नाही. मिस्त्री गेले, नियम राहिला, आणि रेडिओच्या तर तो पथ्यावरच पडला.

मास्तर पाठमोरे, बुटाच्या टोकाने पायरी चाचपत उतरू लागले. पट्टा दोघांच्या खांद्यांवरून कपाटाखाली गेलेला. सागवानी, अखंड, एकही स्क्रू नसलेलं कपाट.

"वहिनींनी आज काय आणायला सांगितलंय?" वरून रेडिओ.

"साबण. कपड्यांचा. मागच्या वेळचा निळा नको म्हणाली, हाताची आग होते."

"आमच्याकडे पण तेच. आणि?"

"आणि चहापत्ती. पाव किलो."

बुक्की वळणावर भिंतीला चिकटून उभी होती. कपाटाच्या मागून वडिलांचा आवाज येत होता, घरी वर्तमानपत्र वाचताना येतो तसा. ती त्यांच्या पायांकडे पाहत राहिली.

वळणावर कपाट फिरवताना रेडिओने कठड्याला कोपर टेकवलं, आणि कठड्याचं जुनं लाकूड कटकन सुटलं. त्याचा तोल गेला, पट्टा खांद्यावरून घसरला, आणि कपाट सुटून वीतभर खाली आलं.

बुक्कीच्या हातातलं ब्लँकेट गळून पडलं.

मास्तरांनी जोर लावला नाही. ते कपाटाबरोबरच खाली गेले. गुडघे वाकले, कंबर बसली, खांदे उतरले, मागचा पाय पायरीवर सपाट टेकला, आणि तिथे कपाट थांबलं. भिंतीवरून थोडा चुना खाली सांडला. बाकी काही झालं नाही.

"आणि बल्ब," मास्तर म्हणाले. "बाथरूममधला गेलाय."

रेडिओने पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण नियम तो नियम. "किती वॉटचा?" त्याने विचारलं.

वरच्या कठड्याला धरून बाई वाकून पाहत होत्या. पुढचे दोन जिने त्या एकेक पायरी सांभाळत मागून उतरल्या, आणि त्यांची नजर कपाटावर नव्हती, मास्तरांच्या पावलांवर होती.

नव्या घरी घोडं अडलं. बाईंनी टेपने बाहेरचं दार नीट मोजलं होतं, आतल्या खोलीचं मोजायचं राहून गेलं होतं. कपाट चार बोटं रुंद निघालं. आणि मिस्त्रींचं कपाट सुटं होत नसतं, ते मोडावंच लागतं. रेडिओने तिरपं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, दाराला दोन शब्द सुनावले, आणि शेवटी ते ब्लँकेटं पांघरून वाटेतच उभं राहिलं. बाकीचं सामान आत गेलं. शिवणयंत्र खिडकीशी बसलं. त्याच्यासमोरच्या दोन खुर्च्यांवर आणि उरलेल्या खोक्यांवर बसून सगळ्यांनी चहा घेतला.

मास्तरांनी अर्धा कप संपवला आणि खाली ठेवला.

"बाई, काम तर झालं," ते म्हणाले. "तुमची हरकत नसेल तर एकदा हात लावून बघू या. फार नाही. आपलं एकदाच."

"बाबा," बुक्की म्हणाली.

बाईंनी तिला हातानेच थांबवलं. "मास्तर, जिन्यात कपाट तुमच्या अंगावर आलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? धरलं."

"धरलं नाहीत. मी वरून बघत होते."

मास्तर विचारात पडले. खरं म्हणजे काय केलं ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं, कधी कोणी विचारलंच नव्हतं. "असं अंगावर आलेलं धरायला गेलं की माणूस मोडतो," ते सावकाश म्हणाले. "येऊ द्यायचं त्याला. खांदा अडवायचा नाही, दम कोंडायचा नाही. मग ते आपोआप पायांतून खाली..."

ते थांबले. बुक्की त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. दोन वर्षं तिने हेच ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि ते तिला अजून एकदाही जमलं नव्हतं.

"बाबा, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"यात शिकायचं काय? हमाली आहे ही."

मग बाई बोलल्या. फार नाही बोलल्या. मिस्त्रींकडे त्या जायला लागल्या तेव्हा मिस्त्री ऐंशीला टेकले होते, आणि त्या शिकत होत्या ते आधी कोणाला शिकवलं का, असं त्यांनी एकदा मिस्त्रींना विचारलं होतं.

"म्हणाले, एका पोराला दिलं. फार चांगला पोरगा, पण उभा राहत नसे. दोन मिनिटं झाली की चुळबुळ. म्हणून त्याला कपाटं दिली. खांद्यावर कपाट असलं की कोणी चुळबुळ करत नाही." बाई हसल्या. "नाव नाही सांगितलं त्यांनी. एवढंच म्हणाले, की तो खालची बाजू घेतो आणि गप्पा मारत उतरतो. ज्याला तिथे बोलता येतं त्याचा श्वास कुठे अडकत नाही. दोन वर्षं मी हिला त्या पोराबद्दल सांगतेय. हिला वाटतं, मी गोष्टी रचते."

रेडिओने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"मी तुम्हाला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं," बुक्की म्हणाली. "तुम्ही येऊच दिलं नाहीत, बाबा."

मास्तरांना सतरावं वर्ष आठवलं. पहिलं कपाट पोचवलं त्या संध्याकाळी ते घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले होते. मिस्त्रींनी आपल्याला अंगणातून काढलं, ओझ्याला जुंपलं, बाकीच्यांच्या तोडीचे आपण नाही, हेच त्यातून त्यांनी घेतलं होतं आणि चाळीसहून अधिक वर्षं उराशी धरून ठेवलं होतं. मिस्त्रींनी काढलंच नव्हतं. पहिलं वर्षभर ते स्वतः वरची बाजू धरायचे, सत्तरीला आलेला माणूस, आणि जिन्याजिन्यातून विचारत राहायचे, आज दुपारी काय खाल्लंस, तुझ्या आईचा खोकला कसा आहे, पाऊस पडेल का. मास्तरांना वाटायचं म्हाताऱ्याला बोलायला कोणी नाही.

त्यांनी कप उचलला आणि तोंडाला लावला. त्यात तळाशी गार चहाचे चार थेंब होते, ते त्यांनी बराच वेळ प्यायले.

"आणि हिच्या पायांचं श्रेय मला देऊ नका," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे येणारे पहिल्या दिवशी दहा मिनिटांत खाली बसतात. ही पाऊण तास उभी होती. ते पाय तुम्ही घडवलेत. तेवढ्याच पायांवर बाकीचं उभं राहतं, नाहीतर मी काय शिकवणार होते, डोंबल?"

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी विचारलं, "मग हात नाही लावायचा?"

"नको. मी हरेन. या वयात कशाला उगीच."

आता रेडिओला राहवलं नाही, तो मोठ्याने हसला आणि मग सगळेच हसले. निघताना बाईंनी वाटेतल्या कपाटावर हात ठेवला. हे तुमच्याच हॉलवर न्या, म्हणाल्या, तिथे दार मोठं असेल. मास्तरांनी तळाच्या पानाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान डोलावली. ते त्यांना माहीत होतं.

परतताना टेम्पोत मागे कपाट होतं, पुढे तिघं दाटीवाटीने बसले. बुक्की मधे होती. तिने वडिलांच्या शर्टाची कॉलर बाजूला केली आणि खांद्यावर पट्ट्याने पडलेला रुंद, गुळगुळीत, काळपट वळ बघितला. तो तिने लहानपणापासून पाहिला होता, पण तो कशाचा हे कधी विचारलं नव्हतं. तिने कॉलर पुन्हा नीट केली.

"उद्या येशील ना?" मास्तरांनी रस्त्याकडे बघत विचारलं.

"येणार म्हणजे काय," ती म्हणाली. त्याहून जास्त ना तिने सांगितलं, ना त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी टेम्पो गल्ली ओलांडून थेट हॉलच्या दारात येऊन थांबला. विद्यार्थी काळ्या पोशाखात खाली जमले होते. मास्तर टेम्पोतून उतरले ते कामाच्या विटक्या शर्टात, खांद्यावर पट्टा टाकून. पुढच्या रांगेतल्या दोघांनी आधी त्यांना ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर कुठे बघावं ते त्यांना कळेना. मास्तरांना आत कुठेतरी जुनी लाज चाळवल्यासारखी झाली. त्यांनी पट्टा खांद्यावर नीट केला आणि मान वर घेतली.

"हे माझं काम," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तीस वर्षं तुमच्यापासून लपवलं. चूक झाली. आज पोतं नाही, मुठी नाहीत. आज हे कपाट वर न्यायचंय, आणि तुम्ही फक्त पाय बघायचे."

पोरं जिन्याच्या कडेने भिंतीला लागून उभी राहिली, खालपासून वरपर्यंत. कपाट पहिल्या पायरीशी आलं. रेडिओ सवयीने वरच्या बाजूला गेला, तर तिथे मास्तर आधीच उभे होते. रेडिओने आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, खालच्या मोकळ्या बाजूकडे पाहिलं, मग बुक्कीकडे पाहिलं, आणि चकार शब्द न काढता भिंतीशी जाऊन उभा राहिला.

बुक्की जागची हलली नाही. "बाबा, खालची बाजू तुमची असते."

"जाणत्याची असते," मास्तर म्हणाले.

तिने केस बांधले. पट्टा डोक्यावरून घेऊन खांद्यावर बसवला, गुडघे वाकवले, आणि दोघांनी एकदम उचललं. मास्तर पाठमोरे वर चढू लागले. चाळीसहून अधिक वर्षांत वरची बाजू त्यांनी पहिल्यांदा धरली होती. मधे कपाट असल्याने बुक्की त्यांना दिसत नव्हती, फक्त कपाटाच्या कडेला तिची बोटं दिसत होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. पट्टा हिसके देत होता. ती वजन दंडांनी धरत होती, पोत्यासमोर उभी असल्यासारखी.

"आईनं आज काय आणायला सांगितलंय?" मास्तरांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. एक पायरी गेली, दुसरी गेली.

"टेकव," मास्तर म्हणाले.

कपाट पायरीवर टेकलं. जिन्यात इतकी शांतता होती की बुक्कीने सोडलेला श्वास वरच्या पोरांपर्यंत ऐकू गेला.

"दिवसभर लोकांना सांगते, श्वास रोखून धरा," ती खालून म्हणाली. "मलाच सवय लागलीय."

पोरं हसली. मास्तरही हसले. "मग आज तू सोड," ते म्हणाले. "खांदा अडवू नकोस. येऊ दे त्याला तुझ्याकडे. पाय आहेत तुझे, मला माहीत आहेत. उचल."

या वेळी पहिल्या तीन पायऱ्या त्यांनी काहीच विचारलं नाही. वळणाशी आल्यावर पट्ट्यातले हिसके थांबले. मग त्यांच्या हातांतलं वजन हळूहळू कमी होत गेलं, आणि कपाटाच्या कडेवरच्या बोटांना पुन्हा रंग आला. आपण कपाट धरलंय की नुसतं त्याच्याबरोबर चालतोय, ते त्यांना कळेना.

"काय सांगितलंय आईनं?"

"तुम्ही काल साबण आणलात तो निळाच आणलात म्हणून चिडलीय," खालून आवाज आला, घरातल्यासारखा, कुठेही न अडखळता. "तो बदलून आणायचाय. आणि बल्ब तुम्ही विसरलात. आंघोळ अंधारात केली मी आज." दोन पायऱ्या गेल्या. "आणि बाबा, उद्या सकाळचा वर्ग साडेसहाचाच ना? कामावर जायच्या आधी मी घेईन. आधी अर्धा तास सगळ्यांना नुसतं उभं करणार आहे. मग तुमचं पोतं. चालेल?"

मास्तर दारापाशी पोचले होते. हातांत वजन जवळजवळ नव्हतंच. तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

खाली पावलं थांबली.

"बाबा? उत्तर नाही आलं. टेकवू का?"

रेडिओ जिन्याच्या कडेकडेने वर आला होता. त्याने मास्तरांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"टेकवू नकोस," तो खाली वाकून म्हणाला. "चालेल म्हणतायत मास्तर."